पॅच टेस्ट कोरी आली म्हणून सिमेंट निर्दोष ठरत नाही

गिलाव्याच्या कामानंतर हातांना खाज येऊन भेगा पडतात, पॅच टेस्ट (संशयित पदार्थांच्या पट्ट्या पाठीला चिकटवून अ‍ॅलर्जी पाहण्याची तपासणी) मात्र कोरी आली, तर आता लाळेवरून जनुके तपासून घ्यावीत का, असे खानापूरहून आपण विचारले आहे. बेळगावात गवंडीकाम करताना माझीही हीच गत झाली होती. मी डॉक्टर नाही. हातमोजे, हात धुणे आपल्याला ठाऊकच असेल.

माझी दोन वर्षे एका चुकीपायी गेली. जवळच्या दवाखान्यातून मिळालेल्या सुट्या गोळ्या घेत असतानाच माझ्या पाठीवर पट्ट्या लावल्या गेल्या. त्या गोळ्या स्टेरॉइडच्या होत्या, हे मला नंतर कळले. तपासणीच्या ठिकाणी कोणती औषधे चालू आहेत हे कोणी विचारले नाही, ४८ तासांनी पट्ट्या काढून पाठ पाहिली आणि 'अ‍ॅलर्जी नाही' असे लिहून दिले. पुढच्या दिवसांतली दुसरी पाहणी झालीच नाही. त्या कागदाच्या भरवशावर मी सिमेंटमध्ये हात घालत राहिलो, याचा संताप अजून जात नाही.

सिमेंटमधला क्रोमियम त्वचेतील प्रथिनांना चिकटतो आणि पूर्वी त्याची ओळख पटलेल्या टी-पेशी (शरीराच्या संरक्षक पेशी) इंटरफेरॉन-गॅमा हे इशारा देणारे प्रथिन सोडतात. त्यामुळे त्वचेच्या पेशींतील सीएक्ससीएल-९, सीएक्ससीएल-१० यांसारखी जनुके जोमाने कामाला लागतात आणि त्यांच्या हाकेने आणखी टी-पेशी तेथे जमतात. या साऱ्याला दिवस लागतात, म्हणून ७२ किंवा ९६ तासांची पाहणी महत्त्वाची असते. स्टेरॉइड दाह वाढवणाऱ्या जनुकांनाच आवरते. माझ्या पाठीवर काही उमटले नाही ते बहुधा त्यामुळेच. साबणाने किंवा सिमेंटच्या क्षारतेने नुसती चुरचुरलेली त्वचा दिसायला तशीच लाल होते, पण तिच्यात या जनुकांची एवढी धावपळ आढळत नाही.

लाळेच्या तपासणीवर पैसे घालवू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. आपल्याकडे कोणती जनुके आहेत ते लाळ सांगते. हाताच्या त्वचेत या घडीला त्यांपैकी कोणती कामाला लागली आहेत ते तिच्यातून कळत नाही. त्वचेचा तुकडा काढून ते मोजता येते, पण आपल्याला आधी गरज आहे ती नीट केलेल्या पॅच टेस्टची. आपल्यालाही काही गोळ्या चालू असतील तर त्या मनाने बंद करू नका. त्वचारोगतज्ज्ञांना सर्व औषधे दाखवा, पाठीला लावलेले मलमही सांगा, आणि दुसऱ्या पाहणीची तारीख आधीच मागून घ्या. पोटॅशियम डायक्रोमेट या क्रोमियमच्या क्षाराच्या पट्टीसोबत रबरातील रसायनांची पट्टीही लावायला सांगा, कारण हातमोजेच दोषी असू शकतात.

युरोपात २००५ पासून सिमेंटमधील विद्राव्य षट्संयुजी क्रोमियमला (पाण्यात विरघळणारे, अ‍ॅलर्जी आणणारे त्याचे रूप) दशलक्षात २ भाग एवढी मर्यादा आहे. फेरस सल्फेट मिसळून तो कमी करतात. आपल्याकडच्या ठेकेदारांनाही हे ठाऊक असायला हवे.

क्रोमियमची अ‍ॅलर्जी ठरलीच, तर पायांकडेही पाहा. क्रोमने कमावलेल्या चामड्यानेही पाय उततात. अथणी-निपाणीकडे हिरडा आणि बाभळीची साल वापरून कमावलेल्या कातड्याच्या चपला मिळतात, मात्र घेताना कातडे कशाने कमावले ते विचारूनच घ्या.