जुन्या स्पोर्ट्‌स कारची नावे नव्या क्रॉसओव्हर गाड्यांना देणे योग्य आहे का?

आपला प्रश्न असा आहे की फोर्डने मस्टँगचे नाव विजेवर चालणाऱ्या एका उंच, कुटुंबवत्सल गाडीला दिले आणि मित्सुबिशीने एक्लिप्सचे नाव क्रॉसओव्हरला, म्हणजे साधी कार आणि एसयूव्ही यांच्या मधल्या उंच गाडीला दिले, यात गाडीवेड्या मंडळींनी इतके चिडण्यासारखे काय आहे, आणि त्यांच्या चिडण्याने कंपन्यांना काही फरक पडतो का. मी स्वतः त्या चिडणाऱ्यांपैकीच आहे, त्यामुळे तटस्थपणाचा आव आणत नाही. मात्र गेल्या काही वर्षांत माझ्या रागाचा रोख बदलला आहे. ज्या गाडीवरून सर्वांत जास्त आरडाओरडा झाला, त्या विजेवरच्या मस्टँग माक-ईने मूळ नावाचे फारसे नुकसान केलेले नाही. ज्यांच्यावरून थोडी कुरबुर होऊन विषय मिटला, त्या गाड्यांनी मात्र नाव पुसून टाकले, असे आता माझे मत झाले आहे. याचे कारण इतकेच की मूळ गाडी हयात असताना तिचे नाव दुसरीबरोबर वाटून घेणे आणि ती गेल्यानंतर तिच्या नावावर तिऱ्हाइताने हक्क सांगणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत.

एक्लिप्सपासून सुरुवात करतो, कारण तिथे हा फरक सर्वांत स्पष्ट दिसतो. अठराव्या शतकात इंग्लंडमध्ये एक्लिप्स नावाचा शर्यतीचा घोडा होता, जो आयुष्यात एकही शर्यत हरला नाही, आणि मित्सुबिशीने १९८९ साली अमेरिकेत आणलेल्या कूपेला, म्हणजे उतरत्या छताच्या दोन दारी गाडीला, त्या घोड्याचे नाव दिले होते. तिच्या दुसऱ्या पिढीच्या बोनेटवर एकाच बाजूला एक फुगवटा आहे. तो शोभेसाठी दिला असावा असे पहिल्यांदा पाहणाऱ्याला वाटते; प्रत्यक्षात खालच्या इंजिनाला जागा पुरावी म्हणून तो तसा उचललेला आहे, आणि असा वाकडेपणा खपवून घेऊन केलेल्या गाडीवर माणसे जीव लावतात. दोन लिटरचे टर्बो इंजिन, सुमारे २१० अश्वशक्ती, चारही चाकांना ताकद आणि हाताने टाकायचे गिअर, अशी तिची वरची आवृत्ती होती. ही गाडी २०११ मध्ये बंद झाली आणि २०१७ मध्ये एक्लिप्स क्रॉस आली, तेव्हा त्या नावाखाली दीड लिटरचे इंजिन, आपोआप चालणारा सीव्हीटी गिअरबॉक्स, पाच दारे आणि मागच्या काचेचे दोन तुकडे करणारी एक आडवी दिव्याची पट्टी होती. गाडी वाईट होती असे मी म्हणणार नाही. घरातल्या चार माणसांना सामानासकट नेण्याचे काम ती नीट करत असे, पण कधीही न हरलेल्या घोड्याचे नाव ज्या कामासाठी ठेवले होते ते हे काम नव्हते. नाव सोनुबाई आणि हाती कथलाचा वाळा, असा तो प्रकार झाला. शिवाय खरी एक्लिप्स कुठे विकत मिळत नसल्यामुळे, आज त्या नावाचा अर्थ सांगणारी दुसरी नवी गाडीच उरलेली नाही.

फोर्डच्या प्यूमाची गोष्ट याच वळणाची आहे आणि ती अधिक यशस्वी ठरली, म्हणूनच मला अधिक टोचते. १९९७ ची प्यूमा ही फिएस्टाच्या सांगाड्यावर बेतलेली छोटी कूपे होती, तिचे १.७ लिटरचे इंजिन यामाहाच्या सहकार्याने तयार झाले होते आणि चालवणाऱ्यांनी तिचे कौतुकच केले. २०१९ मध्ये तेच नाव एका छोट्या क्रॉसओव्हरला मिळाले, आणि ही क्रॉसओव्हर २०२३ व २०२४ अशी सलग दोन वर्षे ब्रिटनमध्ये सर्वाधिक खपाची गाडी ठरली. तिथल्या वीस वर्षांच्या मुलाला प्यूमा म्हणजे काय असे विचारले, तर तो ज्या गाडीकडे बोट दाखवेल ती कूपे नसेल. कंपनीच्या दृष्टीने याहून चांगला निकाल असू शकत नाही, हे मी मान्य करतो.

फोर्डच्याच कॅप्रीबद्दल मात्र मी स्वतःला थोडा आवर घालतो. १९६९ ते १९८६ या काळात सुमारे एकोणीस लाखांच्या घरात तयार झालेली ही कूपे युरोपातल्या सामान्य नोकरदाराची स्पोर्ट्‌स कार होती. २०२४ मध्ये हे नाव परत आले ते फोक्सवागनने विकसित केलेल्या एमईबी नावाच्या सांगाड्यावर जर्मनीतल्या कोलोनमध्ये तयार होणाऱ्या, विजेवरच्या, पाच दारी क्रॉसओव्हरवर. जुन्या कॅप्रीच्या मागच्या खिडकीची वळणदार रेघ नव्या गाडीवर उमटवण्याचा प्रयत्न केलेला दिसतो, आणि चित्रात तो जितका जमल्यासारखा वाटतो तितका समोरासमोर जमत नाही, कारण ती रेघ बुटक्या गाडीसाठी काढलेली होती. तरीही जुनी कॅप्री म्हणजे काही शुद्ध रक्ताची स्पोर्ट्‌स कार होती असे नाही. तिच्या खाली कॉर्टिनासारख्या घरगुती गाडीचे कितीतरी सुटे भाग होते, आणि आपण चाहते हे सोयीस्करपणे विसरतो.

हाच विसराळूपणा मस्टँगच्या बाबतीत तर फारच मोठा आहे. १७ एप्रिल १९६४ रोजी न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनात लोकांसमोर आलेली मस्टँग ही फाल्कन नावाच्या साध्यासुध्या गाडीच्या सांगाड्यावर उभी होती, आणि तिचे सुरुवातीचे सर्वांत स्वस्त इंजिन सहा सिलिंडरचे, जेमतेम १०१ अश्वशक्तीचे होते. लांब बोनेट, आखूड शेपूट आणि पर्यायांची भलीमोठी यादी, एवढ्या भांडवलावर तिने पहिल्या वर्षभरात चार लाखांहून अधिक गिऱ्हाइके मिळवली. पुढे १९७४ ची मस्टँग टू तर पिंटो या छोट्या गाडीशी नाते सांगणारी होती आणि पहिल्या वर्षी तिला व्ही-आठ, म्हणजे आठ सिलिंडरचे इंजिनच मिळत नव्हते. तेलसंकटाच्या त्या दिवसांत ती भरपूर खपली. तेव्हा पवित्र नाव विटाळले असे ओरडण्याआधी त्या नावाच्या साठ वर्षांच्या खातेवहीत काय काय जमा आहे हे पाहिले पाहिजे.

मी एकदा पहिल्या वर्षातली मस्टँग आणि माक-ई शेजारी शेजारी उभ्या असलेल्या पाहिल्या आणि दोन्हींभोवती बराच वेळ घुटमळलो. माक-ईच्या नाकावर फोर्डचे निळे चिन्ह नाही, घोडा आहे, आणि तो मूळ घोड्यासारखाच डावीकडे धावतो. मागच्या दिव्यांत तीन उभ्या पट्ट्या आहेत. मात्र दार उघडायला गेलो तर मुठीत धरण्यासारखे हँडलच नाही, त्या जागी एक गोल बटण आहे. पुढच्या दाराला बोटे अडकवण्यापुरती छोटी कड आहे आणि मागच्या दाराला तीही नाही. जुन्या गाडीचे क्रोमचे हँडल दाबले की आत काहीतरी खणखणीत सुटल्याचा आवाज येतो आणि जड दार स्वतःच्या वजनाने थोडे खाली झुकते. या दोन दारांमध्ये मला नात्यागोत्याची एकही खूण सापडली नाही, आणि त्या दिवशी मी रागातच घरी आलो.

पण नंतर विचार करता असे लक्षात आले की त्या रागाचे कारण असलेली गाडी, म्हणजे दोन दारी, मागच्या चाकांवर चालणारी, पाच लिटरचे व्ही-आठ इंजिन आणि हवे असल्यास मॅन्युअल गिअर देणारी मस्टँग, त्याच कंपनीत अजून तयार होते आहे. २०२३ मध्ये तिची सातवी पिढीही आली. अमेरिकेत २०२४ मध्ये माक-ई सुमारे ५१ हजार ७०० खपली आणि मूळ मस्टँग सुमारे ४४ हजार, म्हणजे धाकटीने थोरलीला मागे टाकले. तरीही मस्टँग हा शब्द कानी पडताच डोळ्यांसमोर येणारी गाडी बदललेली नाही. त्याच सुमारास शेवर्लेने मस्टँगची प्रतिस्पर्धी कॅमेरो बंद केली, हे ध्यानात घेतले तर एका नावाच्या दोन गाड्या हा सौदा मला पूर्वीइतका महाग वाटत नाही.

कंपन्या हे का करतात याचे उत्तर अवघड नाही. नवे नाव लोकांच्या तोंडी बसवायला अफाट पैसा लागतो, ते डझनभर भाषांत तपासावे लागते, आणि एवढे करूनही कोणाला ते आठवेल याची खात्री नसते. उलट जुने नाव फुकटात कुतूहल जागे करते. त्यात ट्रेडमार्कच्या कायद्याचाही भाग आहे, ज्याकडे चाहते सहसा पाहत नाहीत. अमेरिकेत एखादे चिन्ह सलग तीन वर्षे वापरले नाही तर ते सोडून दिल्याचे गृहीत धरता येते, आणि युरोपीय संघात पाच वर्षे न वापरलेले चिन्ह रद्द करण्याची मागणी कोणीही करू शकतो. नाव तिजोरीत ठेवून जपता येत नाही, ते कुठेतरी लावावेच लागते. फोर्डला याची चव स्वतःच चाखावी लागली होती: ल मान्सची शर्यत जिंकणाऱ्या जीटी४० ची नवी आवृत्ती काढताना त्या नावाचे हक्क दुसऱ्याच कंपनीकडे असल्याचे निघाले, आणि २००० च्या दशकातली ती गाडी नुसती फोर्ड जीटी म्हणून विकावी लागली.

नावे ताणण्याचा हा उद्योग आजचा नाही, आणि तो नेहमी एकाच दिशेने होतो असेही नाही. टोयोटाची सुप्रा १९७८ मध्ये जन्मली ती सेलिकाची लांब केलेली आवृत्ती म्हणून, आणि कॅमरी ही जगभरची शांत, सभ्य सेडान १९८० मध्ये जपानमध्ये सेलिका कॅमरी या नावाने आली होती, हे सांगितले की गप्पांत हमखास कोणीतरी पैज लावतो. पुढे निसानची झालेली स्कायलाइन ही तर मुळात घरगुती सेडान. शर्यतीत उतरवण्यासाठी १९६४ मध्ये तिचे नाक लांबवून त्यात सहा सिलिंडरचे इंजिन बसवले गेले आणि तिथून जीटी-आर या तिच्या वेगवान आवृत्तीची वाट निघाली.

मग कोणते नाव नव्या गाडीने घ्यावे? माझ्यापुरते उत्तर असे की नवी गाडी नावाला जागली पाहिजे, मग तिचे सुटे भाग कोणाचेही असोत. २०१९ ची सुप्रा बीएमडब्ल्यूच्या झेड४ बरोबर ऑस्ट्रियातल्या ग्राट्स इथे तयार झाली, इंजिनही बीएमडब्ल्यूचेच, आणि त्यावरून तिची यथेच्छ टिंगल झाली. पण दोन दारे, मागच्या चाकांना ताकद आणि सरळ रेषेत सहा सिलिंडर हे सुप्राचे तिन्ही शब्द तिने पाळले, म्हणून माझ्या लेखी ती सुप्राच आहे. ज्यांना असे जागणे शक्य नाही त्यांनी पोर्शेसारखे करावे. २००२ मध्ये त्यांनी एसयूव्ही काढली तेव्हा चाहत्यांनी आकाशपाताळ एक केले, पण तिचे नाव नवे, कायेन असे होते, आणि ९११ या त्यांच्या स्पोर्ट्‌स कारच्या नावाला कोणी हात लावला नाही. फेरारीनेही २०२२ च्या आपल्या चार दारी गाडीसाठी जुने नाव उकरून काढले नाही. पोर्शेचे कौतुक मी इथेच थांबवतो, कारण २०१९ मध्ये त्यांनी विजेवरच्या टायकानच्या वरच्या आवृत्तीला टर्बो म्हटले. टर्बो म्हणजे इंजिनातून बाहेर पडणाऱ्या धुराच्या जोरावर फिरणारे चक्र. ज्या गाडीला धूरच नाही तिच्या पाठीवर हा शब्द वाचताना मला अजूनही हसू येते.

आता आपल्या प्रश्नाचा दुसरा भाग, म्हणजे चिडण्याचा उपयोग होतो का. होतो, मात्र राग नेमक्या गोष्टीवर असावा लागतो. २०१८ च्या सुरुवातीला फोर्डने येऊ घातलेल्या विजेवरच्या गाडीसाठी माक १ हे नाव जाहीर केले होते, जे १९६९ पासून सर्वांत दणकट मस्टँगांपैकी एकीचे नाव होते. त्यावर इतकी टीका झाली की ती गाडी अखेर माक-ई झाली आणि माक १ हे नाव २०२१ च्या व्ही-आठ मस्टँगवर परत गेले. त्याहून मोठी गोष्ट १९८७ ची आहे. फोर्डचा बेत माझदाच्या सांगाड्यावरची, पुढच्या चाकांवर चालणारी कूपे मस्टँग म्हणून आणण्याचा आणि जुनी मस्टँग बंद करण्याचा होता. ही बातमी फुटताच चाहत्यांनी कंपनीला हजारोंनी पत्रे पाठवली. तो राग वाटणीबद्दल नव्हता, मूळ गाडीच्या अस्तित्वाबद्दल होता, आणि तो पोहोचला: जुनी मस्टँग राहिली आणि नवी गाडी १९८८ मध्ये प्रोब या नावाने आली. ती मिशिगनमधल्या फ्लॅट रॉक इथल्या कारखान्यात तयार होत असे. प्रोब केव्हाच बंद पडली, आणि २००४ पासून त्याच कारखान्यातून मस्टँग बाहेर पडते आहे.