राज्यावर कर्ज असताना सरकारने काटकसर करावी की खर्च वाढवावा?

सिंहस्थाच्या तोंडावर नाशिकमध्ये कामे निघाली असताना ‘कर्ज काढून एवढा खर्च कशाला?’ असे आपण विचारले आहे. घरखर्चाचा न्याय मात्र सरकारला जसाच्या तसा लावता येत नाही, कारण मंदीत एका घराने हात आखडता घेतला तर त्याचे पैसे वाचतात, पण सरकारने घेतला तर बांधकामावरचा मजूर, सिमेंटचा विक्रेता आणि पंचवटीतला चहावाला या सर्वांचे उत्पन्न घटते व अखेर करवसुलीही घसरते. ग्रीसमध्ये २०१० नंतर काटकसरीमुळे अर्थव्यवस्था इतकी आकसली की उत्पन्नाच्या तुलनेत कर्जाचे प्रमाण उलट वाढले.

तरीही काटकसरवाद्यांचे म्हणणे पोकळ नाही. ग्रीसप्रमाणेच महाराष्ट्रालाही स्वतःच्या नोटा छापता येत नाहीत, आणि तूट राज्याच्या सकल उत्पन्नाच्या ३ टक्क्यांच्या आसपास ठेवण्याचे बंधन आहेच. खरी गोम पुढे आहे: वेतन, निवृत्तिवेतन आणि व्याज टाळता येत नाही, ‘लाडकी बहीण’सारख्या दरमहा १,५०० रुपयांच्या योजनेला मतांच्या धास्तीने कोणताही पक्ष सहजासहजी हात लावत नाही (गरीब घरातला तो पैसा बाजारात लगेच फिरतो, हेही खरे), त्यामुळे कात्री बहुधा धरणे, रस्ते, रुग्णालये अशा भांडवली कामांवरच चालते.

म्हणून मी रकमेपेक्षा खर्चाचा प्रकार आधी पाहतो. कर्जातून उभारलेला गोदावरीवरचा पूल पुढच्या पिढीलाही वापरता येतो. साधुग्रामातले तात्पुरते मंडप मात्र पर्वणी संपताच उतरतात.