कॉकरचे कान आणि पावसाळा

प्रश्न : आमचा इंग्लिश कॉकर स्पॅनियल अडीच वर्षांचा आहे. पावसाळा लागला की डोकं झटकतो, कानाला आंबूस वास येतो. दर आठवड्याला कान धुतो, तरी तेच. काय चुकतंय?

उत्तर : ही जात इंग्लंडात झुडपांतून वुडकॉक पक्षी उठवण्यासाठी तयार झाली; नावही त्यावरूनच. एकेकाळी एकाच वेतातली २५ पौंडांखालची पिल्लं कॉकर आणि जड ती फील्ड स्पॅनियल ठरत. लोंबते, केसाळ कान मात्र सगळ्यांनाच. आत हवा खेळत नाही, ओल राहते आणि यीस्ट ही बुरशी वाढते.

धुणं चुकीचं नाही, ओल ठेवणं चुकीचं. पाणी किंवा तेल नको. पशुवैद्यकाने दिलेलं कान साफ करायचं द्रावणच वापरा. कानाची नळी भरेल इतकं घाला, कानाचं मूळ अर्धा मिनिट चोळा, त्याला डोकं झटकू द्या (जुने कपडे घाला!), मग दिसेल तेवढाच भाग कापसाने टिपा. काडी नको, मळ आणखी आत जातो. पाळीच्या आतल्या बाजूचे, नळीच्या तोंडाजवळचे केस बारीक कापून घ्या. जेवताना कान मागे बांधा, नाहीतर खोल, अरुंद भांडं द्या.

पण आता वास येतोय, म्हणून घरगुती सफाई थांबवा. कानाचा पडदा फाटलेला असेल तर द्रावणानेच इजा होते. आधी कान तपासून घ्या, मळ सूक्ष्मदर्शकाखाली पाहायला सांगा. दरवर्षी हेच होत असेल तर मूळ बहुधा त्वचेच्या अ‍ॅलर्जीत आहे. पंजेही चाटतो का, ते डॉक्टरांना जरूर सांगा.