केसांभोवतीची हिरवी कड

प्रश्न : हिरव्या पडद्यासमोरच्या व्हिडिओची पार्श्वभूमी काढली, तरी केसांभोवती हिरवट कड उरते, ती घालवायला गेले, की केसच कातरल्यासारखे दिसतात. काय करावे?

उत्तर : पडद्यावरून परावर्तित होणारा हिरवा प्रकाश केसांवर पडतो, हे एक कारण, दुसरे असे, की अनेक कॅमेरे चित्रण ४:२:० पद्धतीने साठवतात, म्हणजे ४ पिक्सेलमागे रंगाची एकच नोंद ठेवतात, त्यामुळे बारीक बटांपाशी रंगाची सीमा मुळातच पुसट असते. म्हणून एकाच ‘की’मधून, म्हणजे हिरवा रंग वगळण्याच्या एकाच प्रक्रियेतून, सगळे साधण्याचा हट्ट सोडावा. शरीराच्या आतल्या भागासाठी घट्ट मॅट (चित्राचा कोणता भाग ठेवायचा ते पांढऱ्याने आणि कोणता काढायचा ते काळ्याने दाखवणारा मुखवटा) आणि केसांपुरती सैल मॅट तयार करून दोन्ही जोडाव्यात. उरलेली हिरवी झाक डीस्पिल या प्रक्रियेने काढावी, ज्यात हिरव्याचे मूल्य, उदाहरणार्थ, लाल व निळ्याच्या सरासरीवर जाऊ दिले जात नाही. मॅट कृष्णधवल रूपात तपासावी, कारण अंगावर करडे ठिपके दिसले, तर नवी पार्श्वभूमी तिथूनच डोकावणार. पुन्हा चित्रण करणे शक्य असेल, तर व्यक्तीला पडद्यापासून २ मीटर तरी पुढे उभे करावे आणि पडद्यावर वेगळा, एकसारखा प्रकाश टाकावा. निम्मे दुखणे तिथेच संपते.