कायदा एकच, मग बंदूक जमा करण्याचा नियम गावोगावी वेगळा का?

प्रश्न : मी दोडामार्ग तालुक्यातील काजू बागायतदार आहे. शेतीसंरक्षणाच्या परवान्यावर माझ्याकडे ठासणीची बंदूक आहे. निवडणूक लागली की पोलीस ठाण्यातून बंदूक जमा करण्याची नोटीस येते. गोव्यातील सत्तरी तालुक्यात राहणाऱ्या माझ्या मेहुण्याला मात्र मागच्या वेळी अशी नोटीस आली नाही. कायदा एकच असताना हा फरक कसा? ही जप्तीच समजायची का? आचारसंहितेच्या काळात बंदूक मेहुण्याकडे ठेवली तर चालेल का?

उत्तर : शस्त्र अधिनियम 1959 आणि शस्त्र नियम 2016 महाराष्ट्र आणि गोवा या दोन्ही राज्यांना सारखेच लागू आहेत, मात्र त्यांची अंमलबजावणी ज्या अधिकाऱ्याच्या हाती असते, तो ठिकाणानुसार बदलतो. आपल्याकडे परवाना जिल्हादंडाधिकारी देतात, तर पुणे-नागपूरसारख्या शहरांत तो अधिकार पोलीस आयुक्तांकडे असतो. परवान्यासाठी पोलिसांचा अहवाल लागतो, आणि खरी गरज कोणाला आहे याविषयीचे त्या त्या कार्यालयाचे मत त्यात उतरते. त्यामुळे सारख्याच अर्जाचा निकाल दोन जिल्ह्यांत वेगवेगळा लागू शकतो. कर्नाटकातील कोडगू जिल्ह्यात तर कोडव समाजाला आणि जम्मा (तिथली वंशपरंपरागत जमीनधारणा) जमीनधारकांना केंद्र सरकारने परवान्यातूनच सूट दिली असून, 2019 मध्ये तिची मुदत 2029 पर्यंत वाढवण्यात आली.

निवडणुकीच्या काळातील फरकाचे कारण मात्र निराळे आहे. सरसकट सगळ्यांची शस्त्रे जमा करून घेण्याचा प्रश्न मुंबई उच्च न्यायालयापुढे आला होता आणि 2009 मधील त्या निर्णयानंतर निवडणूक आयोगाने छाननी समितीची पद्धत घालून दिली. जिल्ह्यात जिल्हादंडाधिकारी आणि पोलीस अधीक्षक यांच्या समितीने प्रत्येक परवानाधारकाचा स्वतंत्र विचार करावा आणि जामिनावर सुटलेले, गुन्हेगारी पूर्वेतिहास असलेले किंवा पूर्वी, विशेषतः निवडणुकीच्या काळात, दंगलीत सामील असलेले यांच्याकडे विशेष लक्ष द्यावे, असे त्यात अपेक्षित आहे. मेहुण्याला नोटीस आली नाही याचे कारण बहुधा या छाननीत असावे. आपल्यावर एकही गुन्हा नसताना दर वेळी छापील नोटीस येत असेल, तर छाननी केवळ कागदावर होत असल्याची शंका घेण्यास जागा आहे, आणि माझ्या मते हा बागायतदारांवर अन्याय आहे. 2024 च्या लोकसभा निवडणुकीची आचारसंहिता 16 मार्चला लागली आणि निकाल 4 जूनला लागला. काजूच्या हंगामाचा मोठा भाग या दोन तारखांच्या मध्ये गेला, आणि वानर-रानडुकरे आचारसंहिता पाळत नाहीत. म्हणून निवडणूक जाहीर होताच, शक्य तर नोटिशीची वाट न पाहता, समितीकडे लेखी अर्ज करावा. सातबारा, परवान्याची प्रत, मागील नुकसानीचे पंचनामे आणि आपल्यावर गुन्हा नसल्याचे निवेदन त्यासोबत जोडावे व अर्जाची पोच घ्यावी.

तरीही नोटीस आली, तर बंदूक मुदतीत जमा करावीच. ही जप्ती नव्हे. मालकी आणि परवाना दोन्ही आपलेच राहतात. पावतीवर बंदुकीचा प्रकार, तिच्यावरील क्रमांक, परवाना क्रमांक आणि दारूगोळा जमा केला असल्यास त्याचे प्रमाण लिहून घ्यावे. नळी, घोडा व दस्ता कोणत्या स्थितीत आहेत हेही नोंदवण्याचा आग्रह धरावा, कारण दमट हवेत काही महिने पडून राहिलेल्या बंदुकीला गंज चढतो आणि पावतीत नोंद नसेल तर दाद मागणे कठीण जाते. निकालानंतर आठवडा उलटला की बंदूक परत मिळायला हवी.

जप्ती गुन्ह्याच्या तपासात होते. तेथे पंचनामा होतो आणि बंदूक परत मिळवण्यासाठी न्यायालयात अर्ज करावा लागतो. परवाना निलंबित किंवा रद्द होणे ही तिसरी, सर्वांत गंभीर बाब आहे. शस्त्र अधिनियमाच्या कलम 17 नुसार त्याची कारणे लेखी नोंदवावी लागतात आणि मागितल्यास ती परवानाधारकाला द्यावी लागतात. सार्वजनिक हिताच्या कारणास्तव ती रोखता येतात, हा अपवाद आहे. जिल्हादंडाधिकाऱ्यांच्या अशा आदेशाविरुद्ध आपल्याला कोकण विभागाच्या विभागीय आयुक्तांकडे अपील करता येते. त्याला 30 दिवसांची मुदत असल्याने आदेशाची आणि तो हाती पडल्याची, अशा दोन्ही तारखा लिहून ठेवाव्यात.

मेहुण्याकडे बंदूक ठेवण्याचा विचार मात्र पूर्णपणे सोडून द्यावा. परवाना त्यावर लिहिलेल्या क्षेत्रापुरताच चालतो. त्या क्षेत्राबाहेर, सीमेपलीकडच्या गावातसुद्धा, बंदूक नेणे गुन्हा ठरते. शिवाय मेहुण्याचा परवाना त्याच्या स्वतःच्या बंदुकीचा आहे. आपली बंदूक त्याच्या घरी सापडली तर ती विनापरवाना शस्त्र ठरेल, आणि गुन्हा आपल्या दोघांवरही दाखल होऊ शकेल.