ब्रेकचं पेडल खोल जातंय, घरच्या घरी हवा काढता येईल का?

मागची व्हील सिलिंडर (चाकातले ब्रेक दाबणारी) बदलल्यापासून तुमच्या जुन्या वॅगनआरचं पेडल खोल जातंय आणि दोन-तीनदा मारलं की घट्ट होतं, असं तुम्ही लिहिलंय. म्हणजे ब्रेक ऑइलच्या लाइनमध्ये हवा राहिल्याची शक्यता जास्त, आणि ती घरी निघते.

तरी पाना हातात घेण्याआधी इंजिन चालू करून पेडल एकसारखं दाबून धरा. अर्ध्या मिनिटात ते हळूहळू खाली सरकत गेलं आणि बाहेर कुठे गळती नसेल, तर मास्टर सिलिंडरचं, म्हणजे पेडल दाबल्यावर ऑइल पुढे ढकलणाऱ्या पंपाचं, रबर गेलंय. हवा काढून काही होणार नाही. फक्त गगनबावड्याचा घाट उतरताना पेडल मऊ पडत असेल आणि गाडी थंड झाल्यावर ठीक होत असेल, तर ऑइलात पाणी मुरलंय. नवं डॉट 4 ग्रेडचं ब्रेक ऑइल किमान 230 अंश सेल्सिअसला उकळतं, 3.7 टक्के पाणी शिरलं की 155 पर्यंत उतरू शकतं. आपल्याकडच्या पावसाळ्यात त्याला ओलावा कमी पडत नाही. मग सगळंच ऑइल बदला, साधारण लिटरभर लागतं. नुसत्या हवेसाठी अर्धा लिटर पुरे.

सामान कोल्हापूरच्या उद्यमनगरात मिळेल: गाडीतल्या ब्रेक ऑइलच्या डबीच्या झाकणावर लिहिलेल्याच ग्रेडचं सीलबंद ऑइल, निपलवर (चाकामागचा हवा सोडायचा स्क्रू) घट्ट बसणारी पारदर्शक नळी आणि रिंग पाना, बहुतेक 8 किंवा 10 चा. फिक्स पाना नको, निपलचे कोपरे झिजतात. गंजलेल्या निपलवर आदल्या रात्री गंज सोडवणारा स्प्रे मारून ठेवा. गाडी सपाट जागी, चाकांना उटी (अडवायचे ठोकळे), आणि नुसत्या जॅकवर भरवसा न ठेवता खाली घोडी (आधाराचे स्टँड).

इंजिन बंद. सुरुवात मास्टर सिलिंडरपासून सर्वांत लांबच्या चाकापासून, म्हणजे मागचं डावं, मग मागचं उजवं, पुढचं डावं, शेवटी पुढचं उजवं. काही गाड्यांत क्रम तिरका असतो, मॅन्युअल बघून घ्या. तुमच्याकडे फक्त मागचं काम झालंय, त्यामुळे मागच्या दोन चाकांतच बहुतेक प्रश्न सुटेल.

निपलवर आधी रिंग पाना, मग नळी. नळीचं दुसरं टोक बाटलीतल्या थोड्या नव्या ऑइलात बुडवलेलं. आत बसलेला माणूस तीन-चारदा पेडल मारून "धरलंय" म्हणतो. तुम्ही निपल पाव फेरा सोडता, ऑइल आणि बुडबुडे येतात, पेडल खाली जातं. निपल बंद करून तुम्ही "सोड" म्हटल्यावरच त्यानं पाय उचलायचा. सगळं घोडं इथंच अडतं: पाय आधी उचलला की तीच हवा परत आत. जुन्या गाडीत पेडलखाली दोनेक इंचाचा लाकडी ठोकळा ठेवा. पेडल तळापर्यंत गेलं तर मास्टर सिलिंडरचं रबर आतल्या गंजलेल्या, न वापरलेल्या भागावर घासून फाटतं, आणि शंभराच्या कामात हजारांचा खर्च उभा राहतो.

दर पाच-सहा दाबांनंतर डबी भरा. पातळी मिनिमम खाली गेली तर मास्टर सिलिंडर हवा ओढतो आणि पहिल्यापासून सुरुवात. बारीक बुडबुडे थांबतच नसतील तर ते कदाचित निपलच्या आट्यांतून येत असतील. बाहेरून आट्यांभोवती थोडं ग्रीस लावा, थांबले तर काळजी नाही. निपल पोकळ असतं, बेतानेच आवळा. रंगावर ऑइल सांडलं तर लगेच पाण्याने धुवा, नाहीतर रंग उचलला जातो.

हवा संपूनही पेडल खोलच असेल तर मागच्या ड्रममधले लायनर ऍडजस्ट करा. सिलिंडर बदलताना ते आत घेतलेले असतात आणि बऱ्याचदा तसेच राहतात. एबीएस (चाकं लॉक होऊ न देणारी यंत्रणा) असेल आणि हवा त्याच्या युनिटमध्ये अडकली असेल, तर मात्र स्कॅनर असलेल्या गॅरेजशिवाय इलाज नाही. रस्त्यावर नेण्याआधी इंजिन चालू करून पेडल दाबा. ते थोडं खाली बसतं, तो पेडलला जोर देणाऱ्या बूस्टरचा गुण. मग गल्लीतच सावकाश दोन-चार ब्रेक मारा आणि चारही निपल कोरड्या फडक्याने पुसून ओल येते का ते पाहा.