शैक्षणिक मानसशास्त्रज्ञाच्या पाटीला लायसन्स लागतं का?

ताई, मुलगी बडोद्याच्या एम. एस. युनिव्हर्सिटीतून मानसशास्त्रात एम. ए. झाली, आता दांडिया बाजारात 'शैक्षणिक मानसशास्त्रज्ञ' अशी पाटी लावायची, तर लायसन्स कुठून काढायचं, असं तुम्ही विचारलंय. कॅलिफोर्नियातल्या दिरांनी तुम्हाला घाबरवलंय, पण ते तिथल्यापुरतं खरं बोलले. तिथं याच नावाचं सरकारी लायसन्स आहे. मास्टर्स, शाळेतला 3 वर्षांचा अनुभव आणि वर परीक्षा. आपल्याकडे या नावाचं लायसन्सच नाही.

म्हणून रान मोकळं आहे असं मात्र समजू नका. 'क्लिनिकल' किंवा 'रिहॅबिलिटेशन सायकॉलॉजिस्ट' म्हणवून घ्यायचं तर आर.सी.आय.नं, म्हणजे भारतीय पुनर्वास परिषदेनं, मान्य केलेला कोर्स आणि त्यांच्या रजिस्टरचा नंबर हवा, नुसत्या एम. ए.वर तो मिळत नाही. या परिषदेच्या 1992च्या कायद्याचं कलम 13 वाचा: नोंदणीशिवाय काम केल्यास 1 वर्षापर्यंत कैद, 1,000 रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. दंड हसण्यासारखा आहे, कैद नाही.

खरी अडचण मला वेगळ्याच जागी आली. मी शाळेत समुपदेशक. नवीन असताना आठवीतल्या एका मुलाच्या चाचण्या घेऊन मी ठामपणे 'डिस्लेक्सिया' (वाचन-लेखनातली अडचण) लिहून दिलं. निदान चुकलं नव्हतं. पण दहावीच्या परीक्षेत जादा वेळेसाठी आईनं तो कागद पुढे केला, तर तो परत आला. सरकारी वैद्यकीय मंडळाचं प्रमाणपत्र हवं होतं. फॉर्मची तारीख तोंडावर आणि ती बिचारी दवाखान्याच्या रांगेत. दोन वर्षं ती माझ्या सहीच्या भरवशावर निवांत होती, हे मला अजून खुपतं. तेव्हापासून मी काय दिसलं तेवढंच लिहिते आणि तपासणीला कुठं जायचं ते त्याच दिवशी सांगते.

मुलीला शाळेतच काम करायचं असेल तर एन.सी.ई.आर.टी.चा मार्गदर्शन-समुपदेशनाचा डिप्लोमा बघा, आपल्याला भोपाळचं केंद्र बरं पडतं. आणि 2021च्या आरोग्य-व्यावसायिकांच्या कायद्याच्या यादीत मानसशास्त्रज्ञही आलेत, तेव्हा नोंदणीच्या बातम्यांवर लक्ष असू द्या.

तोवर पाटीवर 'समुपदेशक, एम. ए. मानसशास्त्र' पुरे, खाली गुजरातीतही. आणि टांगण्याआधी स्वतः वाचा. आमच्या पेंटरनं माझ्या नावामागे आपण होऊन 'डॉ.' रंगवलं होतं.